हरीण, खांब आणि मोघेकाका

मोघेकाका माणसाला भेटण्याआधी त्याच्या गाडीला भेटतात.

वरच्या जोश्यांच्या मुलीला बघायला इंदूरहून मंडळी आली, तेव्हा आम्ही सगळे दारात नमस्कार करत उभे होतो आणि काका त्यांच्या गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. बंपरवरून बोट फिरवून म्हणाले, "मागून ठोकलेली आहे. रंग कंपनीचा नाही, बाहेरचा." मुलाचे वडील म्हणाले, "छे, नवीन आहे!" काका म्हणाले, "गाडी नवीन आहे. ठोकर पण नवीन आहे." लग्न जमलं नाही. कारण वेगळं होतं, पण जोशीवहिनी अजून काकांना चहा विचारत नाहीत.

काका आयुष्यभर विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासत फिरले. आता निवृत्त आहेत, म्हणजे माधव नगरातल्या गाड्या फुकट तपासतात. मी सोसायटीची कामं बघते, त्यामुळे पार्किंगमध्ये कुठल्या गाडीला कधी पोचा आला हे मला ठाऊक असतं. काकांना तो कसा आला हेही कळतं.

राम घाटाकडे वळताना एकदा एका ऑटोनं माझ्या गाडीचं दार खरवडलं. मी काकांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी फोटो, मग रडणं." स्कूटरवर आले आणि लांबूनच ओरडले, "हाथ मत लगाना कोई!" ऑटोवाला हात वर करून उभा राहिला.

"बाबूजी, पुलिस में थे क्या?"

"उससे ऊपर. बीमे में."

मग दोन्ही गाड्यांभोवती फिरून त्यांनी निकाल दिला, "ताई, चूक तुमची आहे. आरसा बघितला नाहीत." ऑटोवाल्यानं त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यांची मुलगी गौरी अमेरिकेत, उत्तरेकडच्या एका थंड विद्यापीठाच्या गावात शिकवते. तिनं तिथे जुनी गाडी घेतली आणि काकांना दुसरी नोकरीच लागली. भर मे महिन्यात, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, ते भाजीवालीला समजावत असतात की रस्त्यावर न दिसणारा बर्फ असतो, आणि बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ गाडीचं पोट खातं. "और कॉलेज का शहर है. सारे बच्चे नए-नए चलाने वाले. इसलिए बीमा महंगा!" भाजीवाली म्हणते, "तो बिटिया को यहीं बुला लो, बाबूजी." काका कोथिंबीर घेतात आणि पुढे जातात.

तिथल्या विम्यातली त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हरीण. "हरीण आडवं आलं तर एक कव्हर, खांबाला धडकलात तर दुसरं. हरीण म्हणजे देवाची करणी. खांब काही चालत येत नाही, ती आपली चूक." हे मी इतक्यांदा ऐकलंय की उद्या मला हरीण धडकलं तर कुठला क्लेम करायचा ते मी सांगू शकेन.

यंदा जानेवारीत, एका रविवारी सकाळी मी तिळगूळ द्यायला गेले, तर गौरीचा फोन स्पीकरवर चालू होता.

"बाबा, गाडी अगदीच जुनी झाली. आता हरीण-खांब दोन्ही काढून टाकू? नुसतं थर्ड पार्टी ठेवते. भरते त्या मानानं काही हातात यायचं नाही."

उत्तर सोपं होतं. माझ्या जुन्या गाडीबद्दल हेच विचारलं, तेव्हा काका जिना चढता चढता "काढा" म्हणाले होते. गौरीला मात्र म्हणाले, "विचार करून सांगतो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, यात विचार कसला?"

त्यांनी तिळगुळाचा डबा उघडला, बंद केला. "तिकडे सहा-सहा महिन्यांनी पॉलिसी नव्यानं काढावी लागते, ताई. मग ती विचारते. हे घेऊ का, ते सोडू का. तासभर बोलते. एरवी 'जेवलात का, औषध घेतलंत का' झालं की संपलं." डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "थर्ड पार्टीत विचारण्यासारखं काय असतं?"

 

पुढच्या रविवारी पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी गेले, तेव्हा ते पुन्हा फोनवर होते. मला हातानं बसा म्हणाले.

"काढून टाक दोन्ही," ते गौरीला सांगत होते. "फुकट भरतेयस. थर्ड पार्टीची रक्कम मात्र वाढवून घे, तिथे कंजूसी नको."

"थँक्यू बाबा! बरं झालं, एक मगजमारी संपली. जेवलात?"

"अजून नाही."

"औषध?"

"घेतलं."

फोन संपला. काकांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

"बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर."

"हो. बरोबरच आहे ते." मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आतून म्हणाले, "ताई, पोहे भिजवतो. शेव आहे, वर भुरभुरायला जिरावन मसाला आहे. तुमच्या काकू गेल्यापासून एकट्यापुरते करायचे म्हटलं की अंदाज चुकतो."

मला अजून चार घरी जायचं होतं. मी म्हटलं, "दोघांचे भिजवा."