कुणी कुठं बसायचं

आमच्या घरात घोंगड्या विणल्या जायच्या, पण घोंगडीवर बसायची आम्हाला सवय नव्हती. खटकचिंचोळीत कुणाच्याही ओट्यावर बैठक असली की बापानं विणलेली घोंगडी अंथरली जायची. तिच्यावर गाव बसायचं आणि बाप खाली भुईवर. घरी दोन्ही वेळा भाकर झाली तर तो सण. बाप भुईवर का बसतो, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. शिवलिंगअप्पांच्या काठीनं दाखवलं.

शिवलिंगअप्पा जहागीरदाराच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, चोपदार होते. आलेल्या माणसाला काठीच्या टोकानं त्याची जागा दाखवायची, एवढीच नोकरी. खुर्चीच्या माणसाला ते म्हणायचे, "तशरीफ रखो." सतरंजीच्या माणसाला कानडीत, "कूडरी." घोंगडीवर बसणाऱ्याला नुसतं, "बस." भुईवाल्यासाठी ते फक्त खाकरायचे.

निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, देवडीत कबुतरं राहायला आली. अप्पांना मात्र नोकरी सुटल्याचं कुणी कळवलं नसावं. ते गावभर जागा दाखवत हिंडू लागले. मयतीच्या घरी रडणाऱ्यांनाही दर्जाप्रमाणे बसवलं. एकदा भालकीच्या मोटारीत चढले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागं पाटील बसलेत. तू त्यांच्या म्होरं कामून बसलास?" पाटलांनी स्वतः "बसू द्या त्याला" म्हटलं तेव्हा मोटार हलली. पहिल्या निवडणुकीत तर त्यांनी मतदानाची रांगच नव्यानं लावायला घेतली, कारण देशमुख कुंभारणीच्या मागं उभे होते. पोलिसानं दंडाला धरून बाहेर काढलं, तर म्हणाले, "सरकारला दर्जा कळंना झालाय."

हैदराबादच्या कॉलेजात आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी हाच दर्जा शिकवला. एक जन्मानं मिळतो, दुसरा माणूस कमावतो. एवढं सांगायला त्यांना अख्खी सहामाही लागली. अप्पांचं काम एका काठीत व्हायचं. फक्त त्यांच्या काठीला पहिलाच प्रकार ठाऊक होता.

मी बी.ए. झालो. धनगराच्या घरातला, गावातला पहिला. हे सांगताना मी लाजत नाही, लाजायला गावात दुसरे पुष्कळ आहेत. सरकारनं गावात मिडल स्कूल काढलं आणि मलाच हेडमास्तर नेमलं. उद्घाटनाला तहसीलदार येणार होते. खुर्च्या तीन: तहसीलदार, पाटील आणि हेडमास्तर.

आदल्या दिवशी अप्पा आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमाला 'तुमी' म्हणाया जीभ वळंना झालीय, पर म्हणतो. तुमी खुर्चीवर. मग तुमचा बाप धोंडीबा कुठं?"

"अप्पा, बाप भुईवर बसला तर मी बी उठून भुईवर बसीन. तहसीलदारासमोर."

"आसं नगा करू. हेडमास्तर भुईवर म्हणल्यावर पाटलाला कुठं घालू? आडात?"

आत लोकर पिंजत बसलेला बाप म्हणाला, "मी येतच न्हाई. मला मेंढरं हायत."

"येयाला लागतंय," अप्पा म्हणाले. "न्हाई आलास तर हा तुला आणाया उठंल. माजी बैठक मोडंल."

दुसऱ्या दिवशी बाप आला. धुतलेला पटका, चपला हातात. कडेला उभा राहिला. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो, बसलो नव्हतो. अप्पांची काठी वर गेली आणि वरच राहिली. सगळं गाव त्या काठीकडं बघत होतं. मग ती हळूहळू सतरंजीकडं वळली.

"धोंडीबा, वर ये."

सतरंजीवर पाटलांचे भाऊ बसले होते. ते म्हणाले, "अप्पा, डोळ्याला दिसंना झालंय काय?"

"दिसायलाय की. हेडमास्तराचा बाप हाय ह्यो. तुमच्या पोराला आजून बसवण्णाचं नाव लिवता येत न्हाई. तरी तुमाला सतरंजी दिलीच न्हवं मी?"

तहसीलदार हसले. साहेब हसल्यावर बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली.

बाप टेकला. मग मी बसलो. बापानं जरा सरकून शेजारी जागा केली.

"अप्पा, तुमी बी टेका की," तो म्हणाला. "किती उभं ऱ्हाल?"

"मला कुठली जागा रे," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "जहागीरदार सरकारांनी सगळ्यांच्या जागा सांगितल्या, माजी तेवढी सांगायची राहिली. इचारायचं धाडस झालं न्हाई. आन् घरी तरी बस म्हणाया कोण हाय?"

बापानं त्यांचं मनगट धरून खाली ओढलं. अप्पांचे गुडघे वाजले. बसल्यावर काठी कुठं ठेवतात, हे त्यांना कळेना. शेवटी बापानंच ती काढून घेतली आणि आपल्या मांडीखाली सारली.

त्या दिवशी आमच्या गावात शाळा सुरू झाली, आणि सभा संपेपर्यंत ते दोघं एका सतरंजीवर बसून होते.