तिकिटावर मावेल एवढा गृहपाठ

रोहा स्टँडवर पेणची एसटी लागली की आमचे म्हात्रे सर सगळ्यांत आधी उतरतात आणि दारापाशी हात पसरून उभे राहतात. "तिकिटं टाकू नका, इकडे द्या!" नवखी माणसं त्यांना तिकीट तपासनीसच समजतात. एकदा एका गृहस्थांनी चक्क हात जोडले. "सायेब, गर्दीत काढायचं राह्यलं." सर हिरमुसले. "अहो, मला पाठकोरं हवं होतं."

त्या पाठकोऱ्या तिकिटांवर सर गृहपाठ लिहितात. ते आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात, मी तिथेच हेडक्लार्क. "तिकिटावर मावत नाय तो गृहपाठ नाय, शिक्षा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांपैकी कोणी डोलवीच्या कारखान्यात शिफ्ट करतो, कोणी दुकानात उभा राहतो. म्हणून प्रत्येक प्रश्न सर आधी स्वतः घड्याळ लावून सोडवतात आणि अर्ध्या तासावर गेला तर फाडून टाकतात. शिवाय प्रत्येकाला प्रश्न वेगळा, आणि तोही त्याच्या रोजच्या जगण्यातला. एकाला आईच्या टोपलीतल्या मासळीचे आठवड्याचे भाव, एकीला वरसे नाक्यावर रिक्षाची वाट बघण्यात जाणारा वेळ. "कॉपी करायची तर आधी दुसऱ्याच्या घरी राहायला जा," असं ऐटीत सांगतात. बाकीचे प्राध्यापक वीस-वीस प्रश्नांच्या झेरॉक्स वाटतात आणि वर्गभर एकच उत्तर तपासत बसतात. मला आमच्या सरांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्यांचं टेबल झाडणाऱ्या मावशींचं मत वेगळं आहे.

यंदा मात्र सर अडकले. नाझिमा वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, आणि तिनेच एक गृहपाठ कोरा दिला. एक जरी गृहपाठ बाकी असला तरी परीक्षेचा अर्ज पुढे जात नाही, असा कॉलेजचा नियम. अर्जाचा शेवटचा दिवस होता, पाचपर्यंत मुदत. मी तिला ऑफिसात बोलावलं. सरही आले.

"काय गो, अर्ध्या तासाचं तर काम होतं!" मी जरा चिडूनच म्हटलं.

तिने तिकीट पुढे केलं. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरातली सगळी रात्री किती वाजता एकत्र जेवतात? सात दिवस लिही, सरासरी काढ.'

"अब्बा कतारला हायत. आईची कंपनीच्या कँटीनला दुपारी तीन ते रात्री अकरा शिफ्ट, रविवारी दिवसभर ओव्हरटाइम. एकत्र कोण जेवतंय, सर? खोटं लिवायचं नव्हतं."

सरांनी पिशवीतून आपली वही काढून उघडली. "हा मी सोडवलेला. सातही दिवस आठ वाजून दहा मिनिटं. फरक शून्य. मला वाटलं, काय सोपा प्रश्न घातलाय!"

पेणच्या घरात सर एकटेच राहतात, हे मला ठाऊक होतं. पण ते असं आकड्यांत मांडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम, तिचं शून्य माझ्या नावावर टाका," सर म्हणाले. "गृहपाठ चुकला, पोर नाय चुकली."

"सर, तुमचं नाव यादीत नाही."

"मग घाला!" आणि नाझिमाकडे वळून म्हणाले, "आता तूच प्रश्न घाल, तूच सोडव."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पाचाला दहा कमी असताना कागद घेऊन आली. एका बाजूला कॉलेजचं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला आईच्या शिफ्ट. घरी एकत्र जेवता येईल अशी एकच वेळ निघत होती. गुरुवार, दुपारी दीड. खाली लिहिलं होतं, माणसं तीन.

सरांनी चष्मा चढवला. "आकडेमोड फक्कड! पण माणसं चुकलीस. तू आणि आई, दोन."

"नाय सर, बरोबर हाय," नाझिमा म्हणाली. "आत्ताच आईला फोन करून विचारलं. तांदळाची भाकरी चालते ना तुम्हाला?"

सरांनी कागदावर दहापैकी दहा लिहिले आणि एका पाठकोऱ्या तिकिटावर 'गुरुवार, दुपारी दीड' लिहून ते खिशात ठेवलं. मी अर्जावर शिक्का मारला, जरा जोरातच.