सुवाह्य यंत्र आणि बुटकं दार

जी वस्तू एकाला उचलत नाही, दोघांना सरकत नाही आणि हलवताना चौघांच्या कमरेत उसण भरते, तिला विज्ञानात 'सुवाह्य' म्हणतात. सुवाह्य म्हणजे सहज नेता येण्याजोगी. कुणाला, हे व्याख्येत नाही. पाहणीनुसार शंभर टक्के सुवाह्य यंत्रं ट्रकमध्ये मावतात (न मावलेली पाहणीत धरलेली नाहीत).

ठिणगीबाईंचं यंत्र असंच सुवाह्य होतं. बाईंना हे नाव सहकाऱ्यांनी दिलेलं, कारण यंत्राचं कामच ते: वीज साठवायची आणि पापणी लवायच्या आत सगळी एकदम केसासारख्या तारेत सोडायची. तार उकळून उडते. त्या क्षणी तिच्या पोटात काय होतं ते पाहायला प्रखर क्ष-किरण लागतात, आणि ते देणारं केंद्र मैदानाएवढं. ते काही उठून बाईंकडे येणार नव्हतं. म्हणून बाईंनी वर्षानुवर्षं खपून कपाटाएवढं यंत्र बांधलं, त्याला चार चाकं लावली आणि केंद्राकडून दोन दिवसांची वेळ मिळवून त्या दारात येऊन ठाकल्या.

दार यंत्राहून चार बोटं बुटकं निघालं.

"चाकं काढली तर जाईल," बाई म्हणाल्या.

सुरक्षा अधिकारी कर्तव्यदक्ष गृहस्थ. (त्यांच्या कारकिर्दीत एकही अपघात झाला नव्हता, प्रयोगही फारसे झाले नव्हते.) ते म्हणाले, "चाकं काढलीत तर यंत्र सुवाह्य राहणार नाही, बाई. आणि आत फक्त सुवाह्य यंत्रांना परवानगी आहे."

"आणि चाकं ठेवली तर?"

"तर परवानगी आहे. पण मावणार नाही."

या तर्कशुद्धतेबद्दल क्षणभर बाईंनाही आदर वाटला. अख्खी सकाळ त्या आदरातच गेली. शेवटी त्यांनी चाकं काढली, दोन काखोटीला मारली आणि म्हणाल्या, "चाकं यंत्राबरोबरच आहेत, साहेब. फक्त जोडलेली नाहीत."

साहेबांनी नियम मनात उलटापालटा करून पाहिला. जोडण्याचा उल्लेख सापडेना. मग उरलेली दोन चाकं त्यांनीच उचलली आणि हमाल ओढत असलेल्या यंत्रामागून ते गंभीरपणे चालू लागले.

पहिल्या वेळी क्ष-किरण आधी आले: ठणठणीत तारेचं सुरेख चित्र. दुसऱ्या वेळी नंतर आले: तार नसल्याचं सुरेख चित्र. वीज वेळेवर, किरणही वेळेवर. फक्त दोघांची वेळ एक नव्हती (संसार केलेल्यांना हे समजावायला नको). तोवर पुढचा गट आपलं सुवाह्य यंत्र घेऊन दाराशी घसा खाकरू लागला. बाईंकडे एकच तार उरली होती, आणि ती त्या बसवू लागल्या.

"नाही जमलं तर?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तर पुन्हा अर्ज. पुन्हा काही वर्षं वाट."

साहेब दाराशी गेले आणि त्यांनी पुढच्या गटाची चाकं तपासायला घेतली. अगदी सावकाश.

तिसऱ्या वेळी गाठ पडली. चित्रात तार मधोमध आवळत गेली होती, बाई इतकी वर्षं कागदावर काढत आल्या होत्या अगदी तशी. त्या फरशीवरच बसल्या आणि रडल्या. साहेबांनी हातमोजे न काढता टाळ्या वाजवल्या.

घरी सासूबाईंनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "दमून आलीस, आधी चहा घे," त्या म्हणाल्या. मग कप पुढे सरकवून, "पण याचा उपयोग काय गं?"

हसू नका. हाच प्रश्न तुम्हीही मघापासून जिभेवर धरून बसला आहात. सासूबाईंनी निदान आधी चहा तरी विचारला.