शुभहस्ते कापलेली नळी

एका जंगलात, बाळांनो, काहीही कापायचं झालं तर ते अध्यक्षांच्या शुभहस्ते कापावं लागे. अध्यक्ष म्हणजे रानडुक्कर सुळेराव. त्यांना हात नव्हते, सुळे होते. पण निमंत्रणपत्रिकेवर 'शुभसुळे' बरं दिसत नाही, म्हणून सगळे शुभहस्तेच म्हणत.

मागच्या वर्षी सुतारपक्ष्याने नवी ढोली कोरली. तिची फीत सुळेरावांनी कापली. फितीबरोबर साल गेली, सालीबरोबर फांदी गेली, आणि सुतारपक्षी बिचारा अजून भाड्याने राहतो. टाळ्या मात्र जोरात पडल्या. तुम्ही असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या, उगाच नाही म्हणू नका.

याच जंगलात साळू नावाची साळींदर राहायची. बिळाच्या मागच्या खोलीत तिने छोटासा कारखाना थाटला होता. कुणाची काठी घासून दे, कुणाचा गळ बांधून दे, असलं काम ती करी. हाताने सावकाश आणि जिभेने फटकळ.

एके दिवशी तिच्याकडे उदोबा आला. उदोबा म्हणजे म्हातारा ऊद, पाणमांजर. एके काळी डोहाच्या तळाशी बुडी मारून वर येताना तोंडात मासा असायचाच. आता दम पुरत नव्हता. सूनबाई रोज दोन मासे आणून द्यायची, आणि "जेवलात का हो, मामंजी?" असं नदीच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायची. उदोबाला त्या प्रश्नाची फार लाज वाटे.

त्याने बगलेतून एक लांब काळी नळी काढली. "करकोच्याने आणून दिली. गळाच्या काठीसाठी. ग्राफाइटची आहे म्हणतो. काठावर बसून मासे धरीन म्हणतो मी."

पेन्सिलीत असतं ना, बाळांनो, त्याच्या नात्यातलं हे ग्राफाइट. कार्बनच्या बारीक धाग्यांची ही नळी बनवतात. वजनाला पिसासारखी, पण कापायला महा नखरेल.

"वीतभर जास्तच लांब आहे गं," उदोबा म्हणाला. "बसतो तिथे वर करंजाची फांदी आहे. अडकते. जाड टोकाकडून तेवढी कापून दे, पोरी. आणि जपून. करकोचा आता पुढच्या हिवाळ्यात येणार."

"उद्या देते," साळू म्हणाली. "कुणाला सांगू नका फक्त."

उदोबाने कुणालाच सांगितलं नाही. फक्त सूनबाईला सांगितलं. संध्याकाळी अध्यक्षांचे कार्यक्रम ठरवणारी टिटवी साळूच्या दारात हजर.

"साळूताई, उद्या सकाळी दहा वाजता कार्यक्रम ठरलाय. जंगलातली पहिली ग्राफाइटची नळी. अध्यक्षसाहेबांच्या शुभहस्ते छेदन. सूत्रसंचालन माझं."

"अगं, ती सुळ्याने कापायची वस्तू नाही. चेंदामेंदा होईल तिचा."

"साहेबांना तसं सांगू का?"

"नको गं बाई," साळू म्हणाली. तसं सांगणाऱ्या सशाचं बीळ गेल्या महिन्यात रस्तारुंदीत गेलं होतं.

रात्रभर तिला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे सारखा उदोबा येई. त्याची मान खाली, पुढ्यात दोन मासे. दिवस उजाडताच ती उठली आणि कामाला लागली.

आधी खूण केली. खुणेवर कागदी चिकटपट्टीचे तीन वेढे घट्ट गुंडाळले, कारण या नळीचे धागे उभे असतात आणि मोकळे सोडले तर कुसळासारखे उसवतात. नाकाला ओलं फडकं बांधलं. ती काळी भुकटी छातीत गेली की निघत नाही. मग बारीक दातांची करवत घेतली आणि जोर न लावता नळी हळूहळू फिरवत सगळीकडून सारखी चीर पाडत गेली. एका बाजूने आरपार कापायला गेलं, की शेवटचा धागा कापला न जाता फाटतो. घाईची माणसं तिथेच फसतात. शेवटी वीतभर तुकडा आपोआप तिच्या पंजात आला. टोक ओल्या पॉलिश पेपरवर गोल फिरवलं. बोट फिरवून पाहिलं. एक कुसळ नाही.

काम झालं. आता दहाचा कार्यक्रम उरला.

दहाचा कार्यक्रम एकला सुरू झाला. साळूने बिळाच्या तोंडाशी झेंडूची माळ लावली होती. माळेतून नळीचं टोक बाहेर आलं होतं. बाकीची नळी आत आहे, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. खरं तर आत साळू होती, आणि तिने तो वीतभर तुकडा दोन्ही पंजांनी धरून ठेवला होता.

टिटवीने सुळेरावांची ओळख करून दिली. ती अर्धा तास चालली. मग सुळेराव पुढे झाले, डोळे मिटले आणि सुळा हाणला. कडाड असा आवाज झाला. चिरफळ्या उडाल्या. काळी भुकटी साहेबांच्या नाकात गेली आणि ते सात वेळा शिंकले. त्यातही टिटवीला शुभशकुन दिसला.

त्या चिरफळ्यांकडे बघताना उदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात साळू अख्खी काठी घेऊन बिळातून बाहेर आली. टोक आरशासारखं गुळगुळीत.

"वा," सगळे म्हणाले. सुळेरावांनीही आपला सुळा कौतुकाने जिभेने चाचपून पाहिला.

त्याच दुपारी उदोबाने करंजाखाली बसून चार मासे धरले. दोन स्वतःला, दोन सूनबाईला. "जेवलीस का गं, सूनबाई?" त्याने विचारलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं.

साळूचं नाव कुणी घेतलं नाही. डोहाकाठी पाटी लागली, 'छेदनमहर्षी सुळेराव यांच्या शुभहस्ते.' आता कुणाला काही नीट कापून हवं असलं, की तो साहेबांची तारीख घेतो आणि गुपचूप आदल्या दिवशी साळूकडे जातो. जंगलाचा कारभार, बाळांनो, तेव्हापासून फार सुरळीत चालला आहे.

तात्पर्य : कोणत्याही चांगल्या कामात एक टाकाऊ तुकडा निघतोच. तो फेकू नये. अध्यक्षांसाठी राखून ठेवावा.