वाडीतला पंधरा सेंट पाऊस

टण्!

सकाळी आठच्या शांततेत अंगणातलं तांब्याचं नरसाळं निरुपमाच्या हातून फरशीवर निसटलं आणि देवघरातून मथुराबाईंनी डोळे वटारले. चातुर्मासात पूजा आटपेपर्यंत त्यांचं मौन असे. त्यामुळे सुनेला बोलायचं ते सगळं त्या डोळ्यांनीच बोलत, आणि ते जिभेपेक्षा जास्त भरे.

निरुपमानं नरसाळ्याखालची बाटली काचेच्या मापात रिकामी केली आणि वहीत लिहिलं, पंधरा सेंट. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. बी.एस्‌सी.च्या भूशास्त्राच्या वर्गानं प्रत्येकाला घरी पाऊस मोजायला सांगितला होता. ही वही मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"रात्री पाऊस पडला?" माधवनं दाढीचा साबण लावता लावता विचारलं. "मला कसा कळला नाही?"

"तुम्हाला भूकंपसुद्धा कळायचा नाही."

पाऊस मात्र मोठा शिस्तीचा होता. अकरा दिवस सबंध बडोद्यावर टिपूस नव्हता. वाडी भागातल्या या एका अंगणात मात्र रोज रात्री पंधरा सेंट. अंगण पहाटेच धुतलं जाई, तेव्हा ओलं-कोरडं कळायची सोय नव्हती. सोळा नाही, चौदा नाही, रोज पंधराच! हे बघून खरं तर शंका यायला हवी होती. तिला आला तो अभिमान. पुढे कितीतरी वर्षं तिला हळहळ वाटली ती याचीच.

तिनं लेकीला, शैलाला, मांडीवर थोपटत दहा पानांचा निबंध लिहिला. सूरसागर तलावाची वाफ, वाडीतली दाटीवाटीची घरं, दिवसभर तापलेली कौलं, आणि म्हणून रात्रीचा हा खास स्थानिक पाऊस. प्रोफेसर संपतराव मोहित्यांनी तो भर वर्गात वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, शांताबेन गच्चीवरून ओरडू लागल्या, "निरुपमाबेन, आजे पापड सुकवुं के नहीं?"

"दिवसा खुशाल वाळवा. आपला पाऊस रात्रीचा आहे!"

आपला पाऊस, असं ती म्हणाली.

मथुराबाईंना यातलं काही पटत नव्हतं. "महाराजांनी मुलींना शाळेत घाला म्हटलं," मौन सुटलं की त्या सुरू करीत. "सुनांना कॉलेजात घाला असं कुठं म्हटलंय? पोर रडतेय आणि ही ढगांची चौकशी करतेय!"

निरुपमा ऐकून घेई. शैला झाली तेव्हा कॉलेजचं एक वर्ष गेलं होतं, शैलाच्या गोवरात दुसरं. उन्हाळ्यात माधवची बदली नवसारीला व्हायची होती. आता नाही तर कधीच नाही.

शनिवारी संध्याकाळी मोहिते सर स्वतःच हजर झाले. काखेत दुसरा पर्जन्यमापक. "विश्वास आहे हो तुमच्यावर," ते म्हणाले, "पण शास्त्राला साक्षीदार लागतो." त्यांनी आपलं भांडं तिच्या भांड्याशेजारी ठेवलं, सांध्यावर लाखेची मोहोर केली आणि सकाळी येतो म्हणून गेले.

दिवेलागणीला निरुपमा खिडकीशी वही आखत होती. मथुराबाई तुळशीपाशी आल्या. मागून शैला, हातात पळी घेऊन. मथुराबाईंनी तांब्यातून पळीभर पाणी घेतलं आणि सुनेच्या नरसाळ्यात ओतलं.

"आई भवानी, माझी सून पास होऊ दे."

निरुपमाच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"आजी, या पाहुण्यांच्या भांड्यात?"

"त्यातही घाल, बाई. दाराशी रिकामं भांडं ठेवलं तर पाहुण्याला काय वाटेल? आणि कुणाला सांगायचं नाही हं. नेम बोलून दाखवला की फळत नाही."

शैलानं पळीभर पाणी घातलं. थेंबही सांडू दिला नाही.

आपलं भांडं ओतून देता आलं असतं. सरांचं मोहोरबंद होतं. आणि ओतलं असतं तरी वहीतले आधीचे दिवस कुठं ओतणार?

सकाळी सरांनी मोहोर फोडली, पाणी मापात ओतलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "पंधरा! निरुपमाबाई, पंधरा! मी आजच हे छापायला पाठवतो, तुमच्या नावासकट!"

मथुराबाईंनी खिडकीआडून हे पाहिलं आणि डोळ्यांनीच हसल्या. मग पोह्यांना फोडणी घातली, वर चार काजू जास्तच टाकले.

सर अर्धे पोहे खाऊन उठले. त्यांना घाई झाली होती. निरुपमा त्यांच्यामागून पोळाच्या तोंडापर्यंत गेली.

"सर, छापू नका. तो पाऊस नव्हता."

"मग काय होतं?"

घरातल्या कुणीतरी, एवढंच म्हणायचं होतं. पण सर परत फिरून विचारायला आले असते, आणि मथुराबाईंचं मौनही मोडलं असतं, नेमही.

"पाणी मी घातलं. दोन्ही भांड्यांत. रोज."

सरांनी काखेतलं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "का हो?" त्यांनी रागानं नाही, अगदी हळू विचारलं. मग तिची वही पुढे केली. "वही परत न्या," ते म्हणाले. "परीक्षेचं आता माझ्या हातात राहिलं नाही."

घरी आली तर मौन सुटलं होतं. "पोहे टाकून गेले ते! मीठ कमी झालं का गं?"

"नाही, छान झाले होते. सासूबाई, माझी वही नामंजूर झाली. परीक्षेला बसता येणार नाही."

मथुराबाईंनी सरांची उरलेली बशी खाली आदळली. "मेला! माझ्या हातचं खाऊन..." पदर तोंडाशी धरून त्या देवघरात गेल्या. आतून त्यांचा आवाज येऊ लागला. एकदा भवानीशी भांडत, एकदा माफी मागत. "माझंच काही चुकलं असेल, आई. माझंच."

निरुपमा उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. एका वाक्यात सांगून झालं असतं. त्या एका वाक्यानंतर सासूबाई पुन्हा कधी देवाकडे काही मागू शकल्या असत्या का?

शैलानं तिचं लुगडं ओढलं. ती कधी नव्हे ती कुजबुजत होती.

"आई, आजीनं आणि मी देवीला रोज पाणी दिलं, एक दिवससुद्धा चुकलो नाही. मग देवीनं तुला नापास का केलं?"