चौथा बेस

आवाज ऐकून यंत्राचा आजार ओळखणारा माणूस आमच्या शहरात एकच, आणि तो मी! फ्रिज दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. फोन नुसता फ्रिजजवळ धरा, काय बिघडलंय ते मी घरबसल्या सांगतो. आता आमच्या स्वतःच्या घरातला फ्रिज रेड्यासारखा डुरकतो, हे खरं. बायको रोज विचारते, "अहो, याला कधी हात लावणार?" मी म्हणतो, "आधी गिऱ्हाइकं!" मग ती भांडी जोरात ठेवते.

तर परवा लेकीनं मला एका बँडच्या कार्यक्रमाला नेलं. ती बेस वाजवते. बेस म्हणजे जाड तारांची गिटार, कानांपेक्षा बरगड्यांत जास्त ऐकू येणारी. या बँडात बेसवालेच तिघं, जोडीला एक ड्रमवाली, आणि बारीक आवाजाचं एकही वाद्य नाही! जातील त्या गावातल्या एका वादकाला ते शेवटच्या गाण्यात सोबत घेतात. इथून त्यांनी आमच्या लेकीला निवडलं होतं. आठवडाभर पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सभागृहाच्या दारातच तिनं हात पुढे केला.

"बाबा, पाना दे."

"अगं, असू दे की खिशात!"

"पाना! आणि आज कशालाही हात लावायचा नाही. माझी शपथ आहे!"

मी पाना दिला. पक्कडीचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बँडचा म्होरक्या, त्याला सगळे कप्तान म्हणत, रेनकोट आणि पोहण्याचा चष्मा घालून आला. पहिल्याच सुराला माझ्या शेजारच्या आजोबांची कवळी सुटली! त्यांनी ती शांतपणे खिशात ठेवली आणि मान डोलवायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. पण मधेच मी कान टवकारले. या सगळ्या गदारोळाखाली कोणीतरी कण्हत होतं!

रंगमंचाच्या कडेला, पडद्याला लागून एक जुना फ्रिज होता. ड्रमवाली त्यातून पाण्याची बाटली काढत होती. कॉम्प्रेसर घरघरतोय आणि कोणाला पत्ता नाही! हा ऐन लेकीच्या गाण्यात बसला, फ्यूज उडाला आणि अंधार झाला तर? शपथ गेली चुलीत! दोन गाण्यांच्या मधे मी वाकून पडद्यामागे गेलो. फ्रिजमागची नळी पत्र्याला घासत होती. आड येणारी एक वायर बाजूला केली, पक्कडीनं नळी जराशी वाकवली, कॉम्प्रेसरखाली रुमाल कोंबला. फ्रिज झोपलेल्या बाळासारखा गप्प झाला.

आणि बँडही गप्प झाला!

"आमचा चौथा बेस कुठाय?" कप्तान ओरडला.

चौथा बेस म्हणजे तो फ्रिज! मी बाजूला केलेली वायर त्याच्या माइकची होती. सगळी वाद्यं त्याच्याच घरघरीला जुळवलेली, आणि त्याच्याशिवाय हे लोक वाजवत नाहीत.

"ज्यानं गप्प केलं, त्यानंच बोलतं करावं!" कप्तान म्हणाला.

मी रुमाल काढला. फ्रिज गप्प. लाथ घातली. गप्प! नळी उलटी वाकवावी तर तुटून गॅस जाणार. तेवढ्यात प्रेक्षकांतून माझं एक गिऱ्हाईक ओरडलं, "एरवी तुमचं काम आठवडाभर टिकत नाही, आजच बरं टिकलं!"

लेक विंगेत उभी होती, बेस गळ्यात, डोळ्यांत पाणी. "बाबा, शपथ घातली होती मी."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काही सुचेना. तिनंच डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

"आई, फोन फ्रिजजवळ धर!"

तिनं फोन माइकला लावला. आमचा रेडा असा काही डुरकला, की सभागृहाची तावदानं थरथरली. कप्तानानं चष्मा कपाळावर चढवला. "हा तर जातिवंत आहे!"

तिघांनी पटापट तारा जुळवल्या. मीही फोनवरून बायकोपुढे अक्कल पाजळली, "अगं ए, दार उघडं ठेव, म्हणजे मधेच थांबणार नाही!"

मग काय विचारता! शेवटच्या गाण्यात लेक अशी वाजवत होती, की मी हातातल्या पक्कडीनंच ताल धरला. गाणं संपलं, लोक उभे राहिले, आणि स्पीकरमधून बायकोचा आवाज घुमला, "झालं का तुमचं? दूध नासतंय इथं! आणि यांना विचारा, हा फ्रिज दुरुस्त कधी करणार?"

इतक्या टाळ्या बँडलाही पडल्या नव्हत्या. मी भर सभागृहात कबूल केलं, उद्या सकाळी!

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन फ्रिजसमोर बसलो, तर बायकोनंच माझा हात धरला.

"खबरदार हात लावाल तर! टाळ्या त्याला पडल्यात, तुम्हाला नाही!"