तीन प्रतींचा बंदोबस्त

सकाळी नऊ वाजता घरात ताईच्या प्रबंधाच्या तीन प्रती होत्या. एक तिच्या लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर. विषय गोगलगायींची चाल, पानं दोनशे बारा, सादर करायला उरलेले दिवस पाच. तारीख चुकली तर पदवीच्या अटीवर मिळालेली तिची नोकरीही जाणार होती.

लॅपटॉप चालवणारं लिनक्स इतकं जुनं झालं होतं की त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणंही बंद झालं होतं. मी म्हटलं, नवं टाकून देते. ताईचा चेहरा दाढ काढायला निघाल्यासारखा झाला. मग मी तिला तिन्ही प्रती एकदम नाहीशा होण्याची शक्यता कागदावर काढून दाखवली. भौतिकशास्त्राची पदवी मी काय शोभेला घेतलीये! आकाशातून नेमका आमच्याच टेबलावर दगड पडण्याची शक्यता त्याहून जास्त होती.

आमच्या घरात आईचा एक दंडक आहे. कुठलीही वस्तू टाकायची, तर तशीच दुसरी घरात आहे ना, हे आधी डोळ्यांनी पाहायचं.

अपग्रेडला जागा कमी पडली, म्हणून लॅपटॉपवरची प्रत काढायची ठरली. दंडकाप्रमाणे पेनड्राइव्ह उघडला. प्रबंध होता. निर्धास्तपणे आंघोळीला गेले.

तेवढ्यात आईला शिवणाचे नमुने ठेवायला पेनड्राइव्ह हवा झाला. तिने हार्ड डिस्क लावून पाहिली. प्रबंध होता. पेनड्राइव्ह तिने घासूनपुसून लख्ख केला. मग बाबांना बुद्धिबळाच्या सामन्यांसाठी हार्ड डिस्क हवी झाली. त्यांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं. प्रबंध होता. डिस्क मोकळी केली. मी केस पुसत आले, लॅपटॉपवरची प्रत काढली आणि अपग्रेड सुरू केलं. ते इतकं बिनबोभाट पार पडलं की मी ताईला कौतुक करायलाच बोलावलं.

"आधी प्रबंध दाखव," ती म्हणाली.

पेनड्राइव्हवर बिनबाह्यांचे झगे निघाले. हार्ड डिस्कवर दोन म्हातारे पटावर वाकून बसले होते.

"एकाच गोष्टीचे तीन-तीन नग कशाला गं?" आई म्हणाली. "आणि मी पाहूनच काढलं हो."

बाबांनीही पाहूनच काढलं होतं. मीही. घरातल्या घरात चौकशी झाली, तेव्हा कोणाचीच चूक सापडली नाही.

ताई रडली नाही. तिने माझा तो शक्यतेचा कागद शांतपणे घडी घालून पर्समध्ये ठेवला. "परीक्षकांनी विचारलं, तर हाच देते. खाली सही कर, दीडशहाणे."

नशिबाने तिच्या मार्गदर्शक बाईंकडे मेलने गेलेली प्रकरणं होती; फक्त शेवटचं पाठवायचं राहिलं होतं. ते ताई आठवून आठवून लिहायला बसली. बाबा आकृत्या काढत होते, आई चहा पुरवत होती. मी दर परिच्छेदाची प्रत करून घेत होते आणि कुठे ठेवली ते कोणालाही सांगत नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी प्रबंध सादर झाला. जुनं शेवटचं प्रकरण एकेचाळीस पानांचं होतं. नवं चौदा पानांत संपलं.